रीपरमध्ये व्हीएसटी वाद्य सारखं क्रॅश होतंय? आधी गाणं वाचवा, मग दोषी शोधा

रीपर या संगीत रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडायला घेतलं, लोडिंगची पट्टी चौदाव्या ट्रॅकवरच्या सॅम्प्लरपाशी (रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या वाद्यापाशी) आली आणि रीपरची खिडकीच गायब. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट अनइन्स्टॉलकडे जातो. त्यात तासभर मोडतो आणि बऱ्याचदा काहीच बदलत नाही. इन्स्टॉलर तीच फाइल त्याच जागी परत ठेवतो, पण प्लगइनची (रीपरमध्ये जोडलेल्या वाद्याची किंवा इफेक्टची; व्हीएसटी ही त्याचीच एक जात) सेटिंग्ज, लायब्ररीचा डेटाबेस आणि रीपरची स्कॅन-यादी जुनीच राहते. प्लगइन कोणत्या क्षणी कोसळतं ते नीट पाहिलं, तर कारण निम्मं तिथेच हाती लागतं. खालचं सगळं विंडोजवरच्या रीपरला धरून लिहिलं आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये तीच सोय कुठे मिळते ते शेवटाकडे आहे.

पहिलं काम: प्रोजेक्ट कसंही करून उघडणं

फाइल मेन्यूतून ओपन प्रोजेक्ट घ्या. फाइल निवडायच्या खिडकीत ‘ओपन विथ एफएक्स ऑफलाइन (रिकव्हरी मोड)’ असा एक चौकोन असतो. त्यावर टिक करून प्रोजेक्ट उघडा. मिडी (कोणता सूर कधी वाजला याची नोंद), ऑडिओ, व्हॉल्यूम, ऑटोमेशन सगळं जागच्या जागी दिसेल, फक्त प्लगइन झोपलेले असतील. लगेच नव्या नावाने सेव्ह करा आणि फाइल मेन्यूतूनच प्रोजेक्टचं मिडी एक्स्पोर्ट करून घ्या. आता काहीही झालं तरी वाजवलेलं जात नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. बायपास आणि ऑफलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायपास केलेला प्लगइन मेमरीत बसूनच असतो, त्यामुळे तो बायपास असतानाही रीपरला खाली ओढू शकतो. ऑफलाइन केलेला प्लगइन मेमरीतून पूर्ण बाहेर जातो. एफएक्स चेनमध्ये (ट्रॅकवरच्या प्लगइनच्या यादीत) प्लगइनच्या नावावर शिफ्ट दाबून क्लिक केलं की बायपास, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून क्लिक केलं की ऑफलाइन.

आता एकेक प्लगइन ऑनलाइन आणा. ज्यांच्यावर भरवसा आहे ते आधी, संशयित सगळ्यात शेवटी. दर तीन-चार प्लगइननंतर नव्या क्रमांकाने सेव्ह करा. ज्याला ऑनलाइन आणताच रीपर पडलं, त्याचं नाव कागदावर लिहा. फक्त नाव लिहून भागत नाही. तो व्हीएसटी२ (जुनी जात) आहे की व्हीएसटी३ (नवी जात), आवृत्ती कोणती आणि त्यात कोणता प्रीसेट (साठवलेला आवाज) लावला होता, हेही हवं. पुष्कळदा दोष अख्ख्या प्लगइनमध्ये नसतो, एका प्रीसेटमध्ये असतो.

रिकव्हरी मोडमध्येही प्रोजेक्ट उघडलं नाही, तर फाइलच अर्धवट लिहिली गेली असण्याची शक्यता जास्त. सेव्ह होत असताना वीज गेली की असं होतं. त्याच फोल्डरमध्ये ‘आरपीपी-बॅक’ या शेपटीची आधीची प्रत आहे का ते बघा. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी मजकुराची असल्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडते. मात्र आधी प्रत काढा, मगच हात लावा.

कोसळण्याची वेळ काय सांगते

*स्कॅन करताना पडलं* तर प्लगइनला लागणारं काहीतरी मशीनवर नाही. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हा मायक्रोसॉफ्टचा सहाय्यक फाइलींचा संच गायब असतो, नाहीतर लायसन्स सांभाळणारी सेवा बंद असते. आयलॉक या लायसन्स-व्यवस्थेवर चालणारे प्लगइन असतील तर विंडोजच्या सर्व्हिसेस यादीत ‘पेस लायसन्स सर्व्हिसेस’ चालू आहे ना ते बघा. दुरुस्ती झाल्यावर प्रेफरन्सेस, प्लगइन्स, व्हीएसटी या पानावरून कॅश (आधीच्या स्कॅनची साठवलेली यादी) साफ करून पुन्हा स्कॅन करा. क्रॅक केलेले प्लगइन बऱ्याचदा याच टप्प्यावर दगा देतात. लायसन्स तपासणारा भाग कुणीतरी उचकटून काढलेला असतो, त्यामुळे तो पुढे कुठे कोसळेल याचा नेम नाही. त्यावर खालचा कुठलाच उपाय खात्रीने चालत नाही. तो काढून टाका, हेच उत्तर.

*प्लगइनची खिडकी उघडताच पडलं* तर आवाजाचा संबंध नाही, ग्राफिक्सचा आहे. याची चाचणी सोपी आहे. खिडकी न उघडता त्या ट्रॅकवरचं मिडी वाजवा. पाच मिनिटं नीट वाजलं आणि खिडकी उघडल्याबरोबर सगळं गेलं, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा करा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या पानावर रीपर जोडा आणि आत्ता जे चालू असेल त्याच्या उलट पर्याय निवडून बघा. काही प्लगइनच्या सेटिंगमध्ये ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची पद्धत) किंवा जीपीयू बंद करायचं बटण असतं. ते मिळालं तर बाकी काही करावंच लागत नाही. लॅपटॉपची स्क्रीन १५० टक्क्यांवर, बाहेरचा मॉनिटर १०० टक्क्यांवर आणि प्लगइनची खिडकी एकीकडून दुसरीकडे ओढताना क्रॅश, हाही त्याच जातीचा दोष. दोन्ही स्क्रीन १०० टक्क्यांवर ठेवून एकदा पडताळा.

*वाजवताना पडलं* तर मेमरी, डिस्क किंवा ठरावीक प्रीसेट. याबद्दल पुढे सविस्तर आहे.

*प्रोजेक्ट बंद करताना पडलं* तर फारसं मनावर घेऊ नका. प्लगइन आपली आवराआवर करताना अडखळतो. फाइल सेव्ह झालेली असते. वैताग आहे, नुकसान नाही.

क्रॅशसारखा भासणारा पण क्रॅश नसलेला एक प्रकार इथेच सांगायला हवा. कॉन्टॅक्ट या सॅम्प्लरच्या मोफत मिळणाऱ्या प्लेयर आवृत्तीत, प्लेयरसाठी लायसन्स नसलेली लायब्ररी उघडली तर ती डेमो म्हणून चालते आणि १५ मिनिटांनी गप्प होते. तबल्याची किंवा हार्मोनियमची मोफत लायब्ररी उतरवून घेतलेले कितीतरी जण यासाठी बफर, ड्रायव्हर, रॅम सगळं बदलत बसतात. अशा लायब्ररीला पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो. तसंच नव्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेलं वाद्य जुन्या आवृत्तीत उघडत नाही, तोही बिघाड नव्हे.

विंडोजने आधीच लिहून ठेवलेलं असतं

रीपर न बोलता गायब झालं तरी विंडोज त्याची नोंद ठेवतं. स्टार्ट मेन्यूतून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची लाल खुणेची, इव्हेंट क्रमांक १००० असलेली नोंद शोधा. तिच्यात दोन ओळी कामाच्या: ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ आणि ‘एक्सेप्शन कोड’.

मॉड्यूलच्या जागी थेट प्लगइनच्या फाइलचं नाव आलं तर शोध बहुधा तिथेच संपला. एनव्हीओजीएलव्ही६४ असं काही आलं तर तो एनव्हिडियाचा ओपनजीएल ड्रायव्हर, म्हणजे वर सांगितलेला ग्राफिक्सचा मामला. एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची फाइल) आलं तर मात्र विंडोजला दोष देऊ नका. कुणीतरी आधीच मेमरीत भलत्या जागी लिहून गेलेलं असतं आणि ते नंतर एनटीडीएलएलमध्ये उघडकीला येतं. भिंत एकाने पोखरायची आणि ती दुसऱ्याच्या अंगावर पडायची, तसं. कोड सी००००००५ ने संपत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आपली नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न झाला. हा कोड इतका सामान्य आहे की एकट्याने काही सांगत नाही. मॉड्यूलचं नाव सोबत असेल तरच बोला.

एकाच क्रॅशवर निष्कर्ष काढू नये. तीन नोंदी काढा. तिन्हीत एकच नाव असेल तर दोषी सापडला. तीन वेगळी नावं असतील तर रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक त्यासाठीच आहे.

दोषी सापडला, पण ते वाद्य सोडवत नाही

हीच नेहमीची परिस्थिती. प्लगइन बिघडलेला आहे, अपडेट येत नाही आणि सतारीचा तो आवाज दुसरीकडे मिळत नाही. मग त्याला वेगळ्या खोलीत बसवा. रीपरच्या एफएक्स ब्राउझरमध्ये प्लगइनच्या नावावर राइट क्लिक करा, ‘रन ॲज’ निवडा. तिथे दोन पर्याय ओळखून घ्यावेत. ‘सेपरेट प्रोसेस’ म्हणजे असे सगळे प्लगइन मिळून एकाच वेगळ्या प्रोसेसमध्ये (रीपरबाहेर स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये). ‘डेडिकेटेड प्रोसेस’ म्हणजे ज्याची त्याची स्वतंत्र प्रोसेस. बेभरवशाच्या वाद्याला दुसरा पर्याय द्या. तो पडला तर एकटा पडेल, रीपर उभं राहील. हा बदल नव्याने लोड होणाऱ्या प्लगइनला लागतो, म्हणून प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा. त्याच मेन्यूतली ब्रिज केलेली (वेगळ्या प्रोसेसमधल्या प्लगइनची) खिडकी रीपरच्या आत बसवण्याची टिक काढली, तर ती बाहेर सुटी उघडते. दिसायला बरी नाही, पण खिडकी उघडताना अडकणारे प्लगइन अशाने बऱ्याचदा सुधारतात.

याची किंमत आहे. प्रत्येक प्रोसेसमागे थोडी रॅम आणि थोडा सीपीयू जादा जातो. उगाच चाळीसच्या चाळीस प्लगइन असे चालवू नका. आणि एक धोका: वेगळ्या प्रोसेसमधला प्लगइन पडल्यावर ट्रॅक नुसता गप्प होतो, तेव्हा सवयीने कंट्रोल-एस दाबू नका. मेलेल्या प्लगइनकडून त्याची सेटिंग्ज परत मिळतीलच असं नाही, त्यामुळे चांगल्या फाइलवर रिकामी सेटिंग्ज लिहिली जाऊ शकतात. नव्या नावाने सेव्ह करा, नाहीतर सेव्ह न करताच बंद करून पुन्हा उघडा.

व्हीएसटी२ आवृत्ती त्रास देत असेल तर त्याच वाद्याची व्हीएसटी३ लावून बघावी, आणि उलटही. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने २०१८ मध्ये व्हीएसटी२ साठी नवे परवाने देणं थांबवलं, तेव्हा पुढची सुधारणा व्हीएसटी३ मध्येच होणार हे धरून चाला. अदलाबदल करण्याआधी आवाज प्लगइनच्या स्वतःच्या प्रीसेट फाइलमध्ये सेव्ह करा. रीपरसाठी हे दोन वेगळे प्लगइन आहेत, एकाची सेटिंग्ज दुसऱ्यात आपोआप जातील या भरवशावर राहू नका.

कोण आहे तेच कळत नसेल तर: अर्धे-अर्धे

समजा ६४ प्लगइन आहेत आणि रीपर सुरू होतानाच पडतं. एकेक काढून बघितलं तर ६४ फेऱ्या. अर्धे-अर्धे केले तर सहाच: ६४ चे ३२, १६, ८, ४, २, १. सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, त्यातलं व्हीएसटी३ हे फोल्डर उघडा. निम्म्या फाइल्स बाहेर न्या, रीपर सुरू करा. पडलं तर दोषी आत राहिलेल्यांत, नाही पडलं तर बाहेर नेलेल्यांत. ज्या गटात दोषी आहे त्याचे पुन्हा दोन भाग.

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. त्याच फोल्डरात ‘बंद’ नावाचं फोल्डर करून त्यात फाइल्स टाकल्या तर काही उपयोग नाही, स्कॅन पोटातल्या फोल्डरांमध्येही जातो. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. शिवाय काही कंपन्यांच्या एकाच शेल फाइलमध्ये डझनावारी प्लगइन असतात, त्या फाइलीला एकच धरा.

कधी गंमत होते: पहिला अर्धा भाग स्वच्छ, दुसराही स्वच्छ, दोन्ही एकत्र आले की क्रॅश. म्हणजे दोन प्लगइनचं आपसात जमत नाही, बहुधा एकाच नावाची सामायिक फाइल दोघं वेगवेगळ्या आवृत्तीत मागत असतात. दोघांपैकी एकाला डेडिकेटेड प्रोसेस दिली की भांडण मिटतं.

तासातून एकदाच येणारा क्रॅश असेल तर दर फेरीला तासभर बसायची गरज नाही. आठ मात्रांचा दाट मिडी लूप करा, संशयित प्लगइनच्या तीन-चार प्रती लावा आणि वाजत ठेवून जेवून या.

तडतड वेगळी, क्रॅश वेगळा

आवाज तडतडतो पण रीपर पडत नाही, तेव्हा प्लगइन वेळेत काम पुरं करत नाही एवढंच. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७. तेवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकचा हिशोब व्हायला हवा. वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्सला बसताना ५१२ किंवा १०२४.

रीपर न आर्म केलेल्या (रेकॉर्डसाठी तयार न ठेवलेल्या) ट्रॅकांचं काम आधीच करून ठेवतं. त्याला अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात, मूळ मूल्य २०० मिलिसेकंद. रेकॉर्डसाठी आर्म केलेल्या ट्रॅकला ही सवलत नाही. म्हणून तडतड सुरू झाली की पहिल्यांदा सगळ्या ट्रॅकचे लाल गोळे विझवा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, कारण मागच्या आठवड्यात पॅड वाजवून झाल्यावर तो ट्रॅक आर्म्डच राहिलेला असतो. उलट, एखादं वाद्य या आगाऊ कामानेच बिचकतं: सूर तुटतात, मॉड्युलेशन उड्या मारतं. अशा ट्रॅकवर राइट क्लिक करून परफॉर्मन्स ऑप्शन्समधून तेवढ्यापुरतं हे बंद करता येतं.

मोठ्या सॅम्प्लरमध्ये प्रत्येक बटण फिरवल्यावर क्षणभर सगळं गोठत असेल तर तो अनडूचा भार. दर बदलाला रीपर प्लगइनची पूर्ण सेटिंग्ज साठवतं. प्लगइनच्या खिडकीतल्या अधिकच्या (+) चिन्हावर क्लिक करून कम्पॅटिबिलिटी सेटिंग्जमध्ये कमीत कमी अनडू साठवायचा पर्याय आहे, तो लावा.

सॅम्पलवर चालणाऱ्या वाद्यात रॅमचा हिशोब हाताने करून बघावा. प्रत्येक सॅम्पलची (इथे रेकॉर्ड केलेल्या सुराची) फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतात, बाकी भाग डिस्कवरून ओढतात. १०,००० सॅम्पल आणि प्रत्येकी ६० केबी म्हटले तर एका वाद्याला ६०० एमबी. अशी दहा वाद्यं म्हणजे ६ जीबी, ८ जीबीच्या लॅपटॉपवर संपलंच. लायब्ररी एसएसडीवर असेल तर कॉन्टॅक्टच्या मेमरी पानावरून हा आकडा १२ केबीपर्यंत उतरवून बघा, तेच वाद्य १२० एमबीत बसेल. फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र हे करू नका, तिथे सूर गळायला लागतील. न लागणारे सॅम्पल काढायला पर्ज आहेच. आणि लायब्ररीचं फोल्डर वनड्राइव्हसारख्या ढगात जाणाऱ्या जागी ठेवू नये. जागा वाचवायला तो फाइल्स परस्पर काढून टाकतो आणि वाद्य वाजताना त्या पुन्हा उतरवत बसतो.

वाजवताना सगळं ठीक आणि रेंडर केलेल्या (गाणं उतरवून काढलेल्या) फाइलीत सूर गायब? रेंडरच्या खिडकीत फुल-स्पीड ऑफलाइनऐवजी १एक्स ऑफलाइन घ्या. तरीही गळत असेल तर ऑनलाइन रेंडर. गाण्याच्या लांबीइतका वेळ जातो, पण सॅम्प्लरला डिस्कवरून ओढायला उसंत मिळते.

सूर अडकून वाजतच राहिला तर तोही क्रॅश नाही. नोट-ऑफचा (सूर थांबवण्याचा) संदेश हरवलेला असतो किंवा सस्टेन पेडल, म्हणजे कंट्रोलर क्रमांक ६४, दाबलेलंच राहिलेलं असतं. ॲक्शन लिस्टमधून सगळ्या वाद्यांना ऑल-नोट्स-ऑफ पाठवा, नंतर मिडीत पेडलची रेघ तपासा.

रीपर वापरत नसाल तर

एफएल स्टुडिओत प्लगइनच्या रॅपर सेटिंग्जमध्ये ‘मेक ब्रिज्ड’ (वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणं) आणि ‘यूज फिक्स्ड साइझ बफर्स’ हे दोन पर्याय आहेत. तिथे आधी दुसरा लावून बघा: एफएल लांबी बदलणारे बफर पाठवतं आणि काही वाद्यांना ते झेपत नाही. बिटविगमध्ये प्लगइन कुणासोबत चालवायचा ते सेटिंग्जमध्ये ठरवता येतं, सगळे एकत्र, कंपनीनुसार किंवा एकेकटा. क्युबेस सुरू करताना कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट धरून ठेवलं तर सेफ मोडचा पर्याय येतो, आणि बाद ठरलेले प्लगइन ब्लॉकलिस्टमध्ये दिसतात. एबलटन लाइव्हमध्ये रीस्कॅनचं बटण ऑल्ट दाबून क्लिक केलं की यादी मुळापासून नवी होते. मॅकवर लॉजिक असेल तर प्लगइन मॅनेजर उघडून नापास झालेल्या ऑडिओ युनिटचं (मॅकवरच्या प्लगइन जातीचं) पुन्हा स्कॅन करा. क्रॅशचे अहवाल मॅकच्या कन्सोल ॲपमध्ये सापडतात, त्यात ‘क्रॅश्ड’ लिहिलेल्या थ्रेडखाली कुणाचं नाव आहे ते बघायचं.

काम झाल्यावर

बेभरवशाच्या वाद्याचा भाग वाजवून पक्का झाला, की त्याला प्रोजेक्टमध्ये जिवंत ठेवू नका. ट्रॅकवर राइट क्लिक करून स्टिरिओ फ्रीझ करा, म्हणजे त्याचा आवाज ऑडिओ बनून ट्रॅकवर बसतो. फ्रीझ झालेला प्लगइन ऑफलाइन जातो आणि हवा तेव्हा परत आणता येतो. शिवाय रीव्हर्ब वगैरे न लावता २४ बिटची एक वेव्ह फाइल वेगळी काढा. तिच्या नावात प्लगइन, आवृत्ती आणि प्रीसेट तिन्ही घाला. ‘सतार_फायनल२’ या नावावरून दोन वर्षांनी कुणालाच काही कळत नाही.

स्टेजवर लॅपटॉप वाजवणाऱ्यांनी गणपती-नवरात्राचा मोसम लागला की विंडोज, ड्रायव्हर आणि प्लगइन यांपैकी कशालाही हात लावू नये. चालू असलेल्या आवृत्त्यांचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्यावेत. नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत टाकायला बहुतेक कंपन्यांच्या साइटवर ती लगेच मिळेल याची खात्री नसते.

कंपनीला तक्रार पाठवायची असेल तर ‘तुमचा प्लगइन चालत नाही’ असं लिहून उत्तर येणार नाही. विंडोज, रीपर आणि प्लगइन तिघांच्या आवृत्त्या, बफर आणि सॅम्पल रेट, इव्हेंट १००० चा मजकूर, आणि फक्त एक ट्रॅक व एक प्लगइन असलेलं, हमखास पडणारं छोटं प्रोजेक्ट एवढं जोडा. त्या छोट्या प्रोजेक्टमध्ये क्रॅश होत नसेल, तर पाठवायची घाई करू नका. दोषी अजून तुमच्या मोठ्या प्रोजेक्टमध्येच कुठेतरी बसलेला आहे.